काटा आणि पट

१९१६ साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. रसेल हे १९०८ च्या यवतमाळ गॅझेटियरचेही एक संपादक होते, म्हणजे वऱ्हाडची माणसे आणि गुरे त्यांच्या परिचयाची होती. या ग्रंथात कुणब्यांच्या प्रकरणात पोळ्याचे वर्णन येते. शिंगांवर मखर बांधलेला एक म्हातारा बैल सगळ्यांच्या पुढे असतो. तो आंब्याच्या पानांचे तोरण तोडून गावाकडे उधळतो आणि बाकीची गुरे त्याच्यामागे धावतात. मखराच्या बैलामागे गावमालकांचे बैल, त्यांच्यामागे कुळांचे, आणि ही रांग पैशापेक्षा घराण्याच्या गावातल्या मानावर लागते. आपल्या बैलांना हक्काची जागा मिळाली नाही, तर ते कुणब्याच्या जिव्हारी लागते, असे रसेल नोंदवतात. या नोंदीचा अर्थ असा, की पोळ्याच्या दिवशी बैल स्वतःच्या जागेवर उभा नसतो, धन्याच्या जागेवर उभा असतो. वर्षभर त्याने किती वखरले, किती डवरले, त्याचा खांदा किती खंबीर आणि पाय किती चपळ, याला त्या रांगेत किंमत नाही. मात्र त्याच मुलखात, पोळ्यानंतर चारपाच महिन्यांनी, बैलांचा आणखी एक सोहळा होतो आणि तिथे ही रांग चालत नाही. तो सोहळा म्हणजे शंकरपट.

कापसाची उलंगवाडी जवळ आली, तुरी घरात आल्या, की विदर्भात पट भरू लागतात. दोन बैल, त्यांच्यामागे हलकी छकडी, छकडीवर एक धुरकरी, आणि धाव अवघ्या काही सेकंदांची. कुठे दोन जोड्या शेजारीशेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी सोडून तिचा वेळ घड्याळावर मोजतात. यवतमाळच्या वेशीला लागून, अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात, तळेगाव दशासरला कृषक सुधार मंडळ भरवत आलेला पट साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. तिथे अलीकडे बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडगोळीच आहे. पटाला जमलेल्या पाव्हण्यारावळ्यांच्या जिवावर तिथली नाटकमंडळे उभी राहिली. यवतमाळच्या बाजूला नाटकाचे एवढे प्रस्थ नाही, पण वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेत बैलबाजार भरतो, आणि तिथे बैल विकत घेणारा माणूस दात बघतो, वशिंड बघतो, चार पावले चालवून बघतो. पटात हीच पारख सगळ्या गावासमोर होते.

यवतमाळच्या या उघड्यावरच्या पारखीचा विचार करताना अमेरिकेतला एक घोडा आठवणे अपरिहार्य आहे. १९३३ साली जन्मलेला सीबिस्किट अंगाने लहान, गुडघे बेढब, धावण्याची ढब विचित्र. पहिल्या सतरा शर्यतींत तो हरला. त्याला विकत घेणारे चार्ल्स हॉवर्ड हे मोटारींचे व्यापारी. प्रशिक्षक टॉम स्मिथ मितभाषी, माळरानावर घोडे सांभाळत वाढलेले. घोड्याचा नेहमीचा स्वार रेड पोलार्ड एका डोळ्याने आंधळा. त्या वेळी अमेरिका महामंदीने खचलेली होती. १ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिमलिको मैदानावर सीबिस्किटने वॉर अॅडमिरल या खानदानी, तिहेरी मुकुट मिळवलेल्या घोड्याला हरवले, तेव्हा ती शर्यत रेडिओवर सुमारे चार कोटी लोक ऐकत होते, असे सांगतात. पोलार्ड तेव्हा जखमी असल्यामुळे जॉर्ज वुल्फ स्वार होता. दुबळा जिंकला म्हणून लोकांना धीर आला, असा या प्रसंगाचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. मला तो अर्थ अपुरा वाटतो. मंदीत अमेरिकेतल्या माणसाची बँक बुडाली ती त्याला न दिसणाऱ्या कारणांनी, नोकरी गेली ती त्याच्या कष्टाशी संबंध नसलेल्या हिशोबांनी. त्याची किंमत ठरवणारी सगळी मापे त्याच्या नजरेआड होती. पिमलिकोच्या मैदानावर माप उघड्यावर होते: दोन घोडे, एक रेषा. पुढे कोण गेला हे सांगायला मधे कोणी लागत नव्हते. माणसाला उभारी देणारी गोष्ट विजयाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, हे उघडे माप होते असे मी म्हणतो, आणि यवतमाळचा इतिहास त्याला साक्ष देतो.

हा जिल्हा कापसाने घडवला आणि कापसानेच पिळून काढला. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांवर लादला जाई. ओझ्याच्या बैलांच्या रांगाच्या रांगा डोंगर ओलांडून जात. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटताच लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. भाव चढले, ज्वारीच्या रानात पऱ्हाटी आली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले, पण तोवर कास्तकार नगदी पिकाला आणि सावकाराच्या वहीला बांधला गेला होता. तेव्हापासून त्याच्या वर्षभराच्या घामाची किंमत लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी, पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेलेली अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली तीही कापूस बंदराकडे ओढून नेण्यासाठी. बाजाराला शिस्त लावायला १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. देशातल्या बाजारनियमनाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतात. पण त्या बाजार समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचे होते. काटा कोणाच्या हातात, हा प्रश्न कायद्याने सोडवला नाही. आज कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि बाराच्या वर गेला की गाडी परत फिरते. ते यंत्र केंद्रावरचे, आकडा केंद्रावरचा. पीक बुडाले की नाही हेही शेतकऱ्याने म्हणून चालत नाही. महसूल खाते पिकाची पैसेवारी काढते आणि दीर्घकाळ ती पन्नास पैशांच्या आत आली तरच दुष्काळ मानला जाई. सरकी, सूत, ओलावा, आणे, पैसे, टक्के: दीडशे वर्षांत या जिल्ह्यातल्या माणसाला जितक्या मापांनी मोजले, त्यांतले एकही त्याच्या डोळ्यांदेखत, त्याला पटेल अशा रीतीने उभे राहिले नाही.

या पार्श्वभूमीवर पटाच्या मैदानाकडे पाहिले पाहिजे. तिथे जोडी कोणाची, हे सुरुवातीला पुकारले जाते खरे, पण धाव सुरू झाली की पुकारलेले नाव मागे राहते. पाटलाची जोडी असो की सालदाराने पोटाला चिमटा घेऊन वाढवलेली असो, बैलाला घराणे ठाऊक नाही. पोळ्याच्या रांगेत पिढीजात मागे राहिलेल्या घराला गावापुढे पुढचे स्थान मिळण्याची शक्यता ज्या मोजक्या ठिकाणी होती, त्यांतले हे एक. आणि ही शक्यता केवळ मनोरंजन नव्हती, कारण बैल हा इथे करमणुकीचा प्राणी नाही. बंडी त्याची, वखर त्याचा, पेरणी त्याची. बैल मेला तर हंगाम मेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात धान्याइतकाच चाऱ्याचा तुटवडा होता, आणि गुरे गेली त्या घरांना पुढचा पाऊस चांगला झाला तरी जमीन वाहता येईना. म्हणून पटात धावणारी जोडी ही घराच्या टिकून राहण्याची जाहीर खूण असे. गव्हाणीत कुटार आहे, ढेपेचा तुकडा आहे, जनावर धावण्याजोगे आहे, याचा अर्थ घर अजून उभे आहे.

बैलाच्या चाऱ्यातून या जिल्ह्यात राजकारणही उभे राहिले, हे विसरता येत नाही. महामंदीच्या सुरुवातीच्या वर्षात, १० जुलै १९३० रोजी, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. राखीव जंगलात शिरून गवत कापायचे, एवढीच ती कृती. समुद्रकिनारा नसलेल्या मुलखाला मिठाच्या सत्याग्रहासाठी मीठ कुठून आणायचे हा प्रश्न होता, असे त्या निवडीचे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे आहे, पण गवतच का, याचे उत्तर त्यात नाही. जंगल कायद्याने चराईवर आणि गवतावर घातलेली बंधने थेट गोठ्यात जाणवत होती. गांधींनी गरिबाच्या पानातले मीठ उचलले, अण्यांनी गरिबाच्या बैलाच्या तोंडचा घास उचलला. कापसाचे भाव घसरत असताना या जिल्ह्याला धीर द्यायचा तर बैलापासूनच सुरुवात करावी लागते, हे त्या नेत्याने अचूक ओळखले होते. सीबिस्किटच्या देशात घोड्याने मंदीतल्या माणसांना एकत्र आणले ते रेडिओच्या बळावर. इथे तसा रेडिओ नव्हता, त्यामुळे साऱ्या वऱ्हाडाला एकाच बैलाचे नाव ठाऊक असण्याचा संभव नव्हता. प्रत्येक पंचक्रोशीचा आपला बैल होता आणि त्याचे नाव त्या पंचक्रोशीबरोबरच राहिले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पटात बहुतेक जोड्या हरतात. एका विजेत्यामागे कितीतरी जण रिकाम्या हाताने परततात. मग उभारी कसली? या प्रश्नाचे उत्तर जपानमधल्या एका घोडीकडे आहे. शिकोकू बेटावरच्या कोची या शहरात हारू उरारा नावाची घोडी ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. २००३ च्या सुमारास, जपान लांबलेल्या मंदीतून जात असताना, देशभरचे लोक तिच्यासाठी येऊ लागले. मार्च २००४ मध्ये युताका ताके हा तिथला सर्वांत नामवंत स्वार तिच्यावर बसला, तेव्हाही ती शेवटून दुसरी आली, आणि तरीही बंद पडायला आलेले कोचीचे मैदान तिने तारले. तिच्या नावाची तिकिटे लोक ताईत म्हणून जपून ठेवत. लोक तिच्यात विजय पाहत नव्हते. दर खेपेला खरेखुरे धावून, खऱ्या मापाने हरून, पुन्हा रेषेवर येऊन उभे राहणारे जनावर पाहत होते. कर्जबाजारी कास्तकाराचे दुःख हरण्याचे नसतेच. दर वर्षी पेरणारा माणूस हरण्याला सरावलेला असतो. त्याचे दुःख असे, की आपण कशाने हरलो हे त्याला कोणी सांगत नाही, आणि गावात सांगायची लाज वाटते. पटात हरलेला माणूस उघड्यावर हरतो, शंभर माणसांबरोबर हरतो, आणि उजवा बैल सुटताना दबला की डावा, यावर रात्रभर बोलू शकतो.

दुसरा आक्षेप याहून कठोर आहे. पोटाला भाव हवा, रानाला पाणी हवे, बँकेचे कर्ज हवे, आणि तुम्ही पटाचे काय सांगता? यवतमाळच्या संदर्भात हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह जीवन संपवले. दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक जण अन्नत्याग करून ती आठवण जागी ठेवतात. २००२ मध्ये बीटी कापूस आला, त्याच्या आगेमागे राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेची पकड सैल होत गेली, कोरडवाहू जमिनीवर खर्च वाढला. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तरी मृत्यू थांबले नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यातली माणसे दगावली. पट भरत होते तेव्हाही आत्महत्या झाल्या आणि पट बंद होते तेव्हाही झाल्या. पटामुळे एखादा जीव वाचला असा दावा मी करत नाही, करण्याजोगा पुरावाही नाही. सीबिस्किटनेही एकाला नोकरी दिली नाही. पण भाव आणि पाणी यांचा आग्रह धरायला जे बळ लागते, ते एकट्याने घरात बसलेल्या माणसात येत नाही, हेही तितकेच खरे. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या पाहा. सावकार, सरकार, कापसाचा भाव, यांच्यावरचा राग गावाने मोठ्याने म्हणायची ती जागा आहे, आणि ती बैलांच्या साक्षीने आहे. गाऱ्हाणे जाहीर करण्याची सवय आणि बैलाभोवती जमण्याची सवय या मुलखात एकमेकींना धरून वाढल्या. एकीला रिकामटेकडेपणा म्हणून झटकले, तर दुसरीही दुबळी होते.

बैलाच्या बाजूने घेतला जाणारा तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा नव्हे, पुरता मान्य आहे. तुतारीने, म्हणजे टोकदार काठीने, टोचणे, शेपटी पिरगाळणे, जनावराला अमली पदार्थ पाजणे असे प्रकार शर्यतींत होत आले. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. तिला शहरी लोकांचे अज्ञान म्हणून हिणवणे सोपे होते आणि पुष्कळांनी तेच केले. परंतु पटाचे सारे मोल जर उघड्या, न बिघडवलेल्या मापात असेल, तर टोचून पळवलेला बैल हे माप बिघडवतो. काट्यावर बोट ठेवणारा व्यापारी आणि बैलाला खिळा टोचणारा धुरकरी यांच्या कृतीत तत्त्वतः फरक नाही. म्हणून २०१७ च्या राज्य दुरुस्तीनंतर आलेले नियम, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, मारहाणीच्या साधनांना मनाई, हे पटावरचे संकट मानू नये. त्या दुरुस्तीच्या आधारे १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती कायम केली. हे नियम मैदानावर पाळले जातात की कागदावर, याचा जाब सर्वांत आधी पटाच्या चाहत्यांनी विचारायला हवा.

खरे संकट वेगळ्या दिशेने येते आहे. ट्रॅक्टरने वखर, नांगर, बंडी एकेक करून सोडवून नेले आणि पटाचा बैल शेतीच्या बैलापासून तुटला. आता लाखांची बोली लागलेल्या जोड्या टेम्पोतून येतात, वर्षभर फक्त धावण्यासाठी पोसल्या जातात, आणि त्यांच्या धन्याला पऱ्हाटीचा भाव विचारावा लागत नाही. वऱ्हाडची उमरडा जात, शेजारच्या वर्ध्याची चपळ पांढरी गवळाऊ जात, ही कामाची आणि चालीची जनावरे. बैलाला शेतात कामच उरले नाही, तर त्यांची पैदास कोण सांभाळणार? पट श्रीमंतांचा झाला ही तक्रार खरी आहे, आणि ती नाकारून माझा युक्तिवाद टिकणार नाही. बैलाला घराणे ठाऊक नसते, असे म्हणताना त्याला खुराक ठाऊक असतो, हेही म्हणावे लागते. पैशाने माप विकत घेता येत नसले, तरी रेषेपर्यंत येण्याची पात्रता विकत घेता येते. अमेरिकेतही सीबिस्किट गरिबाच्या गोठ्यातला नव्हता. त्याचा धनी लक्षाधीश होता, आणि त्याला ‘गरिबांचा घोडा’ केले ते प्रेक्षकांनी.

पण पटवाल्यांनी या अडचणीवर आपल्यापुरता एक तोडगा काढलेला आहे. पुष्कळ ठिकाणी लांबून आलेल्या नामांकित जोड्यांचा जनरल गट वेगळा असतो आणि गावगट किंवा तालुका गट वेगळा. गावगटात बक्षीस लहान, पुकारा लहान, आणि जोड्या आसपासच्या घरांतल्या. कापूस केंद्रावर नेऊन आलेला, बंडीच्या जुवाने खांद्याला घट्टा पडलेला बैल अजून धावताना दिसतो तो याच गटात. त्याच्या धावेला जनरल गटाइतकी गर्दी नसते, पण मैदान तेच असते, घड्याळ तेच असते, आणि त्याचा वेळ सगळ्यांना ऐकू येईल असा भोंग्यावरून सांगितला जातो.